परागकणांचा अंदाज आपल्या गल्लीपुरता कसा वाचायचा

ऑक्टोबरातली सकाळ. फोन उघडला, परागकणांसमोर हिरव्या रंगात ‘कमी’ दिसलं, म्हणून खिडक्या सताड उघडल्या आणि टेकडीवर फिरून आलो. दहाच्या सुमाराला शिंकांची माळ सुरू झाली, की ‘ही अ‍ॅप खोटीच असतात’ म्हणून फोन बाजूला. पुण्यात एरंडवणे-कोथरूड भागातल्या आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत हे दरवर्षी घडतं, आमच्या घरात तर तीन वर्षं घडलं.

अ‍ॅप खोटं बोलत नसतं. ते एका मोठ्या पट्ट्याबद्दल बोलत असतं आणि आपण ते आपल्या गॅलरीबद्दल समजतो. शिवाय क्रम उलटा लागतो, कारण सगळेजण सुरुवातच अंदाजापासून करतात. आधी भागात काय फुलतंय ते बघायचं, मग आपल्याला कशाचा त्रास होतो ते शोधायचं आणि तिसऱ्या नंबरला अंदाज उघडायचा. खालचे टप्पे याच क्रमाने करा. उदाहरणं पुण्यातली आहेत; नाशिक, संभाजीनगर किंवा नागपूरला झाडं आणि महिने थोडे बदलतील, पद्धत तीच.

तयारी: तीन वस्तू

एक वही, घराच्या आजूबाजूचा अर्धा किलोमीटर दाखवणारा हाताने काढलेला नकाशा आणि मेडिकलची जुनी बिलं. बिलं कशाला, असं वाटेल. सर्दीच्या गोळ्या, नाकातला फवारा, डोळ्यांचे थेंब कोणत्या तारखांना घेतले ते त्यांवर छापलेलं असतं आणि आपली आठवण जिथे ‘बारा महिने चालूच असतं’ म्हणते, तिथे बिलं महिना सांगतात. आमची बिलं सप्टेंबर-अखेर ते नोव्हेंबर आणि पुन्हा फेब्रुवारी अशा दोनच गठ्ठ्यांत पडली. बिलं फेकून दिली असतील तर दुकानदाराकडे संगणकात नोंद असते, मागा.

टप्पा १: भागाची फेरी

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. महिन्यातून एकदा, सकाळी, नकाशा घेऊन निघायचं आणि फुलावर आलेलं जे दिसेल ते नकाशावर मांडायचं.

पहिली चूक इथेच होते. लोक रंगीत फुलं शोधतात. गुलमोहर, पळस, पांगारा, बहावा यांच्याकडे बोट दाखवून ‘याचाच त्रास’ म्हणतात. ही झाडं कीटकांना किंवा पाखरांना बोलावतात, म्हणून त्यांची फुलं भडक असतात. त्यांचा पराग जड, चिकट असतो आणि बराचसा झाडाखालीच पडतो. वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या झाडाला कुणाला बोलवायचं नसतं. त्याचं फूल बारीक, फिकं, बिनवासाचं असतं आणि आपण त्याला फूल म्हणतच नाही. तुम्हाला हेच शोधायचं आहे.

आमच्या भागात काय आणि कुठे सापडतं ते सांगतो.

गवतं आधी. वेताळ टेकडीचा उतार, मुठेचं पात्र, रिकामे प्लॉट, बंद पडलेल्या बांधकामांची आवारं. ऑगस्टच्या मध्यापासून गवताला तुरे येतात आणि नोव्हेंबरपर्यंत कुठलं ना कुठलं गवत फुलावर असतं. तुऱ्यातून बारीक दोऱ्यांवर जांभळट-पिवळे पुंकेसर लोंबायला लागले की पराग सुटतोय. खात्री करायची तर काळ्या कागदावर तुरा हलकेच झटका. पिवळी भुकटी पडते. (ज्याला त्रास आहे त्याने हे करू नये, घरातल्या दुसऱ्याला सांगा.) सोसायटीची वेळेवर कापलेली हिरवळ सहसा निर्दोष असते, कारण तिला तुरा येऊच दिला जात नाही. कुंपणालगत यंत्र पोहोचत नाही, त्या दोन फुटांकडे मात्र नीट बघा.

मग गाजर गवत, ज्याला बरेचजण काँग्रेस गवत म्हणतात. नाव गवत असलं तरी हे गवत नव्हे, सूर्यफुलाच्या कुळातलं तण आहे. ओल मिळाली की वर्षभर फुलतं, पावसाळ्यात आणि लगेच नंतर माजतं. पांढरी, साबुदाण्याएवढी फुलं. फुटपाथच्या कडेला, ट्रान्सफॉर्मरच्या मागे, नाल्याकाठी हमखास.

नाल्याकाठीच एरंड, काटेमाठ, आघाडा आणि चाकवताच्या जातीतली तणं असतात. नदीत पाण्याजवळ पाणकणीस, त्याची तपकिरी कणसं लांबूनही ओळखू येतात.

झाडांत वावळ महत्त्वाचा आणि नेमका तोच ओळखीचा नसतो. जानेवारी-फेब्रुवारीत पानं झडलेल्या फांद्यांवर हिरवट-तपकिरी बारीक फुलांचे झुबके येतात. ते हुकले तर मार्च-एप्रिलमध्ये झाडाखाली छोट्या पापडांसारख्या गोल, चपट्या बियांचा सडा पडतो, त्यावरून पक्कं ओळखता येतं. मग पुढच्या जानेवारीसाठी नकाशावर फुली. सुरू, महारुख आणि वेडी बाभूळ हेही मांडून ठेवा.

इशारा: हवेत तरंगणारी ‘म्हातारी’ म्हणजे पराग नव्हे. ती रुईची नाहीतर सावरीची बी आणि तिचा कापूस. तो कापूस डोळ्यांना दिसतो. पराग दिसत नाही. बहुतेक परागकण १० ते १०० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, गवतांचे साधारण २० ते ४०. म्हाताऱ्या उडायला लागल्या म्हणून मोसम सुरू झाला, असं वहीत लिहू नका.

इशारा: गाजर गवत उघड्या हाताने उपटू नका. अंगावर पुरळ उठतं आणि ते चिवट असतं. सोसायटीत काढायचं तर फुलं येण्याआधी, रोप जमिनीलगत पसरलेलं असताना, हातमोजे घालून मुळासकट काढायचं. ज्याला शिंका किंवा दमा आहे त्याने तिथे उभंही राहू नये.

तपासा: फेरी संपली की नकाशावर घराच्या चारही बाजूंना काही ना काही खूण आहे का? एक बाजू कोरी असेल तर बहुधा तिकडे गेलाच नाहीत. पुण्यात पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, पाऊस सरल्यावर बरेचदा पूर्वेकडून. म्हणून ऑक्टोबरात घराच्या पूर्वेला काय आहे ते विशेष बघा.

टप्पा २: नाकाची वही

रोज दोन वेळा, सकाळी आठला आणि रात्री झोपण्याआधी, चार आकडे लिहायचे: शिंका, नाक (गळणं किंवा चोंदणं), डोळे, छाती. प्रत्येकाला ० ते ३. काहीच नाही तर ०, कामात अडथळा आला तर ३. शेजारी तीन गोष्टी: दिवसभर कुठे होतो, खिडक्या उघड्या होत्या का, कोणतं औषध घेतलं.

निदान सहा आठवडे लिहा. सगळ्यात नुकसान करणारी चूक म्हणजे फक्त वाईट दिवशी लिहिणं. शून्याचे दिवस नसतील तर तुलना कशाशी करणार? माझी पहिली वही याचमुळे वाया गेली.

दुसरी चूक म्हणजे औषधाची नोंद न करणं. गोळी घेतलेल्या दिवशीचं शून्य हे हवेचं शून्य नव्हे.

आणि आपल्याकडे एक खास गुंता आहे. गवताचा मोसम ऐन भरात असतो तेव्हाच दिवाळीची साफसफाई येते. माळे झाडले जातात, गाद्या आपटल्या जातात, पाठोपाठ फटाक्यांचा धूर. या तीन आठवड्यांतल्या शिंकांचं खापर डोळे मिटून परागावर फोडू नका. त्या दिवसांपुढे वहीत ‘साफसफाई’, ‘धूर’ असं वेगळ्या शाईने लिहा.

तसंच जुलैचं. संततधार पावसात पराग हवेत फारसा टिकत नाही. त्या दिवसांत नाक वाहत असेल तर आधी भिंतीवरची ओल, कपाटामागची बुरशी आणि गाद्यांतली सूक्ष्म कीड यांचा विचार करा. पहाटे अंथरुणातच शिंका येतात आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतं, असा नमुना वहीत दिसला तर कारण घरातच आहे.

तपासा: ताप, घसादुखी, घट्ट पिवळा शेंबूड असेल तर ती बहुधा साथीची सर्दी. पराग-अ‍ॅलर्जीत पाण्यासारखं नाक गळतं आणि डोळे, टाळू, कान खाजतात. ताप येत नाही.

टप्पा ३: काचपट्टी (ज्यांना सूक्ष्मदर्शक मिळू शकतो त्यांच्यासाठी)

हा टप्पा वगळला तरी चालेल. पण घरात नववी-दहावीचं मूल असेल आणि शाळेची प्रयोगशाळा मदत करणार असेल, तर यासारखा प्रकल्प नाही.

१. सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी स्वच्छ पुसून तिच्या मधल्या भागावर व्हॅसलीनचा अगदी पातळ थर द्या. बोटाचा ठसा उठेल इतका जाड नको. जाड थरात कण बुडतात आणि दिसत नाहीत.

२. पट्टी आडवी ठेवा, वर पाऊस अडेल असं छप्पर हवं. दोन सपाट थाळ्या, मध्ये तीन इंचांचं अंतर, खालच्या थाळीवर पट्टी. पराग मोजण्याच्या जुन्या डरहॅम सापळ्याची मांडणी साधारण अशीच.

३. जागा गच्चीवर, कठड्यापासून दूर. खिडकीत ठेवलेली पट्टी खालच्या रस्त्याची धूळ मोजते.

४. २४ तासांनी, रोज ठरलेल्या वेळी पट्टी बदला. सकाळी साडेआठ सोयीचं, कारण हवामान खात्याच्या २४ तासांच्या पावसाचा आकडाही साडेआठपर्यंतचा असतो. मागे तारीख लिहा.

५. ग्लिसरिन आणि फुक्सिन किंवा सॅफ्रनिन या रंगाचा थेंब टाकून २२ मिलिमीटरची चौकोनी आच्छादन-काच ठेवा. पराग गुलाबी-लाल होतो, धूळ सहसा होत नाही. पाच-दहा मिनिटं थांबून बघा.

६. चाळीसच्या भिंगाखाली, म्हणजे एकूण ४०० पटीत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघेत मोजत जा. दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास बऱ्याच शाळांतल्या सूक्ष्मदर्शकात ०.४५ मिलिमीटरच्या आसपास असतो. अशी एक रेघ म्हणजे सुमारे एक दशांश चौरस सेंटिमीटर, दहा रेघा म्हणजे एक चौरस सेंटिमीटर. निदान पाच रेघा मोजून दुप्पट करा.

गवताचा कण गोल, गुळगुळीत आणि एकाच छिद्राचा. गाजर गवताचा लहान आणि चहूबाजूंनी काटेरी. एवढे दोन ओळखता आले तरी पुष्कळ झालं. बाकीचे ‘इतर’मध्ये टाका. ओळख पक्की व्हावी म्हणून फेरीत सापडलेल्या तुऱ्याचा पराग थेट पट्टीवर घेऊन एक नमुना-पट्टी आधी बनवा.

इशारा: ही संख्या ‘दर चौरस सेंटिमीटर’ आहे. अंदाजातली संख्या ‘दर घनमीटर हवेत’ असते. त्यासाठीची यंत्रं हवा आत ओढतात. त्यांतलं बर्कार्ड कंपनीचं यंत्र मिनिटाला १० लीटर ओढतं. तुमच्या पट्टीवर कण आपल्या वजनाने पडतात, म्हणून मोठे कण जास्त सापडतात आणि लहान निसटतात. दोन आकडे एकमेकांत बदलता येत नाहीत. कालच्यापेक्षा आज जास्त की कमी, एवढंच पट्टीला विचारा.

टप्पा ४: आता अंदाज उघडा

पाच गोष्टी क्रमाने तपासायच्या.

आधी बघा, आकडा परागाचा आहे की हवेच्या गुणवत्तेचा. हा गोंधळ मी सर्वांत जास्त पाहतो. आपल्या हवा गुणवत्ता निर्देशांकात आठ प्रदूषकं मोजली जातात: दोन आकारांची धूळ, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. परागाचं नाव त्यात नाही. निर्देशांक हिरवा असताना गवताचा पराग शिगेला असू शकतो.

मग बघा, आकडा मोजलेला आहे की गणिताने काढलेला. फोनवरचे बहुतेक परागअंदाज झाडोरा, हवामान आणि वर्षाचा काळ यांवरून संगणकाने काढलेले असतात. तुमच्या वॉर्डात कुणी यंत्र लावून मोजलंय असं गृहीत धरू नका. आकडा निरुपयोगी ठरत नाही, पण तुमच्या मागच्या रिकाम्या प्लॉटची त्याला खबर नसते.

तिसरं, कशाचा पराग. ‘झाडं’, ‘गवत’, ‘तण’ असे तीन भाग दिसले तर एकूण आकड्याकडे बघूच नका. वहीने आणि नकाशाने जो संशयित दाखवलाय त्याच्याच रांगेत बघा. काही अ‍ॅप बर्च, ऑलिव्ह अशी युरोपातली नावं दाखवतात. पुण्यात त्यांचा काय उपयोग? सोडून द्या. ‘रॅगवीड’ दिसलं तर थोडं थांबा. आपलं गाजर गवत त्याच्या जवळच्या नात्यातलं आहे आणि एकाची अ‍ॅलर्जी असलेल्याला दुसऱ्याचाही त्रास होऊ शकतो. पण रॅगवीडचा आकडा म्हणजे गाजर गवताचा आकडा नव्हे.

चौथं, ‘जास्त’ म्हणजे किती. अमेरिकेच्या नॅशनल अ‍ॅलर्जी ब्युरोच्या मोजपट्टीत गवताचे दर घनमीटर २० कण झाले की ‘जास्त’; झाडांच्या परागाला तोच शिक्का मिळायला ९० लागतात, तणांना ५०. म्हणून शिक्क्यांची तुलना एकाच प्रकारात करा. आणि कुणाला ‘मध्यम’मध्येच दम लागतो, कुणाला ‘जास्त’मध्येही काही होत नाही. तुमची मर्यादा तुमच्या वहीतून निघेल.

शेवटी, कधीचा अंदाज. पाच दिवसांचा अंदाज सहलीचं ठरवायला ठीक. रोजच्यासाठी आदल्या रात्रीचा घ्या आणि सकाळी पुन्हा बघा, कारण मधल्या सरीने सगळं बदललेलं असतं.

तपासा: वहीतले सहा आठवडे आणि अंदाजाचे सहा आठवडे शेजारी मांडा. तुमच्या वाईट दिवसांपैकी किती दिवशी अंदाजही चढा होता? निम्म्याहून कमी असतील तर एक तर प्रकार चुकतोय, नाहीतर त्रास परागाचा नाही.

टप्पा ५: अंदाजाला आपल्या हवेची दुरुस्ती

अंदाजाच्या शिक्क्यात एक पायरी वर-खाली करायला खालचे ठोकताळे वापरा.

पाऊस उघडून दुसरा-तिसरा दिवस, लख्ख ऊन, कोरडा वारा: एक पायरी वर. ऑक्टोबर हीटचे दिवस हेच. दिवसभर रिमझिम: एक पायरी खाली. सकाळी सूर्य चढून दव वाळेपर्यंत तुऱ्यांतून पराग कमी सुटतो. गवताच्या बाबतीत ऊन तापायला लागल्यापासूनचे तास जपा. डिसेंबर-जानेवारीत गार हवेचा थर सकाळी जमिनीलगत अडकून राहतो, तेव्हा धूळ, धूर आणि पराग तिघेही खालीच. शेजारी गवत कापणं चालू असेल तर अंदाज काहीही म्हणो, दोन पायऱ्या वर.

इशारा: ‘पाऊस आला, हवा धुतली गेली’ हे गडगडाटी वादळाला लागू नाही. वादळाच्या सुरुवातीच्या झंझावातात परागकण ओल शोषून फुटतात आणि त्यांतले अतिसूक्ष्म तुकडे नाकात न अडकता थेट छातीत जातात. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी गवताच्या मोसमात असं वादळ झालं. हजारो लोक दम लागून रुग्णालयांत गेले आणि काहींचा जीव गेला. त्यांतल्या कित्येकांना आधी दम्याचं निदानही झालेलं नव्हतं. आपला परतीचा पाऊसही गवत फुलावर असतानाच गडगडत येतो. आभाळ काळवंडून वारा सुटला की खिडक्या लावा, गच्चीत पाऊस बघायला जाऊ नका, दम्याचा पंप हाताशी ठेवा.

टप्पा ६: रोजचा निर्णय

सगळं घर बंद करून बसायची गरज नाही. तुमच्या मर्यादेच्या वर गेलेल्या दिवशीच हे करा:

१. वारा वाहत्या तासांत नकाशावर तुमचा संशयित ज्या बाजूला आहे त्या बाजूच्या खिडक्या बंद. हवा खेळवायची तर दुसऱ्या बाजूने, सर पडून गेल्यावर.
२. फिरणं टेकडीऐवजी गल्लीबोळांतून. बाहेर पडताना नाकावर नीट बसणारा मास्क. परागकण मोठे असल्याने तो बरेचसे अडवतो.
३. कपडे गॅलरीत वाळत घालू नका. निदान चादरी आणि उशांचे अभ्रे तरी आत.
४. आल्यावर कपडे बदला, रात्री झोपण्याआधी केस धुवा. सकाळच्या आंघोळीने कालच्या उशीवरचा पराग जात नाही.
५. केरसुणीऐवजी ओलं फडकं.

जलनेती करत असाल तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या. नळाचं किंवा नुसतं गाळलेलं पाणी नाकात घालू नका, त्यातून क्वचित पण जीवघेणा संसर्ग होतो. पाव लीटर पाण्याला सव्वादोन ग्रॅम मीठ, भांडं रोज धुऊन कोरडं.

इशारा: बोलताना वाक्य पुरं होत नाही, पंप घेऊनही दम थांबत नाही, ओठ निळसर दिसतात, यांपैकी काहीही झालं तर वही, अंदाज, सगळं सोडून थेट रुग्णालय गाठा.

टप्पा ७: डॉक्टरांकडे काय न्यायचं

अख्खी वही नेऊ नका, ती वाचायला कुणाला वेळ नसतो. एका पानावर तीन ओळी लिहा: कोणते महिने वाईट, त्या महिन्यांत भागात काय फुलतं, कोणत्या औषधाने किती फरक पडला. नाकातले काही फवारे पूर्ण परिणाम दाखवायला काही दिवस घेतात, म्हणून ते कधी सुरू करायचे हे मोसम उजाडण्याआधीच विचारा. आमच्यासाठी ती भेट गणपतीच्या आसपासची.

त्वचेवर टोचून करायची अ‍ॅलर्जी चाचणी सांगितली, तर यादीत तुमच्या नकाशावरची नावं आहेत का ते पाहा. बाहेरदेशीचीच झाडं असलेल्या यादीतून ‘सगळं निगेटिव्ह’ आलं तरी गाजर गवत सुटलेलं असू शकतं. चाचणीचा निकाल १५-२० मिनिटांत दिसतो, पण अंगात सर्दीची गोळी शिल्लक असेल तर फोड उठतच नाही. ती किती दिवस आधी बंद ठेवायची, आणि दम्याचं औषध मात्र चालू ठेवायचं का, हे दोन्ही प्रश्न वेळ ठरवतानाच विचारून वहीत लिहून घ्या.